महिन्यातले बरे दिवस

नागपूर, २० नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रीती,

धरमपेठेतून तुझ्या आतेबहिणीचा जय भीम. हे पत्र मी हाताने लिहीत नाहीये. मी बोलते आहे आणि फोन टाइप करतो आहे. त्यासाठी खाली पार्किंगमध्ये आमच्या गाडीत काचा वर करून बसले आहे. वॉचमन दोनदा बघून गेला. त्याला वाटत असेल, बाईचं घरात भांडण झालंय.

तुला सरळ फोनच केला असता. पण आमच्याकडे फोन स्पीकरवर असतो, कारण मला तो हातात धरवत नव्हता, आणि स्पीकरवर असला की बाबा, म्हणजे माझे सासरे, बोलण्यात भाग घेतात. आजचा विषय तर बाबाच आहेत.

धरवत नव्हता असं म्हटलं बघ. आता धरवतो. तीच बातमी आहे.

दोन वर्षांपूर्वी मला संधिवात निघाला हे तुला माहीतच आहे. म्हातारपणीचा नव्हे, तो दुसरा, ज्यात आपलीच रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. घरी केक करून विकणाऱ्या बाईच्या बोटांवरच ती उलटावी, हा तिचा नेम बघ. गेल्या वर्षी मी क्रीमचे गुलाब काढायचे आणि लोक विचारायचे, कोबी छान आहे, पण वाढदिवसाला कोबी काहून?

तर बाबांनी तेल काढलंय. निर्गुंडीचा पाला, लसूण, तीळतेल आणि आणखी काहीतरी जे ते सांगत नाहीत. जन्मभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, त्यामुळे त्यांचं शास्त्र पक्कं आहे. म्हणतात, "सांधा म्हणजे बेअरिंग. ग्रीस सुकलं का आवाज करते." रोज सकाळी वाटीत कोमट तेल घेऊन माझ्या दारात उभे राहतात आणि मी बोटं चोळेपर्यंत हलत नाहीत. आणि प्रीती, बोटं मोकळी झाली. परवा एका बारशाला तीस गुलाब काढले, तीसच्या तीस गुलाब.

आता अख्ख्या बिल्डिंगला बाटल्या वाटून झाल्यात आणि नमुना म्हणून मला पुढे करतात. चौथ्या मजल्यावरच्या बाईसमोर मला मूठ उघडबंद करून दाखवायला लावली. मी पण दाखवली. दोनदा.

तुझ्या लॅबमधल्या उंदरांना नमस्कार.

सरिताताई


हैदराबाद, २९ नोव्हेंबर २०२४

सरिताताई,

लाल नाकाच्या बहिणीचा जय भीम. तुझी बोटं सुटली हे वाचून इतकं बरं वाटलं की मी लॅबमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या. उंदीर दचकले.

माझं विचारशील तर घसा धरलाय. दर महिन्यात एकदा धरतो. लॅबमधला एसी माझ्याच डोक्यावर आहे, त्याच्यावर मी तीन अर्ज केले. मग रूममेटच्या टेबलफॅनवर संशय घेतला. तो तिने रागाने दुसऱ्या खोलीत नेला, तरी घसा धरलाच. चार वर्षं रोगप्रतिकारक पेशींवर संशोधन करणाऱ्या बाईला स्वतःचा घसा राखता येत नाही, हे कुणाला सांगू नकोस. आईबाबा अजून सगळ्यांना सांगतात की आमची मुलगी रोगांवर औषध काढून राहिली. मी सध्या उंदरांच्या पेशी मोजते. तेही फक्त नरांच्या. माद्यांचं हार्मोनचं चक्र सारखं बदलतं, आकडे वरखाली होतात, म्हणून आमच्याकडे माद्या घेतच नाहीत.

एकच विचारते, रागावू नकोस. ती संधिवाताची आठवड्याची गोळी चालू आहे ना? तेल लाव, बाबांचं मन राख, पण तेल बाहेरून लागतं आणि हा आजार आतून चालतो.

प्रीती


नागपूर, ६ जानेवारी २०२५

प्रिय प्रीती,

गाडीतूनच लिहिते आहे. वॉचमन आता बघतसुद्धा नाही.

तेल बंद पडलं. म्हणजे डिसेंबरात एकदा बंद पडलं, मग चाललं, आता परत पडलंय. पहिल्यांदा बोटं आखडली तेव्हा बाबांनी लसणाला दोष दिला. नवीन लसूण आणला, आठवड्याभरात बोटं सुटली. बाबा खूश. मीही सगळ्यांना सांगितलं की लसूण जुना होता. आता परत आखडली तर ते निर्गुंडीवर आले आहेत. म्हणतात, झाड रस्त्याच्या कडेचं होतं, धूळ खाल्लेलं. काल प्रेमानंदला कंपनीतून येताना कळमेश्वरच्या कुठल्याशा शेतावरून पाला आणायला लावला. दिवसभर शिफ्ट करून माझा नवरा अंधारात शेतात पाला तोडत होता, आणि शेतमालकाला सांगत होता की वडिलांचा प्रयोग सुरू आहे.

मला हसूही येतं आणि रडूही. या चारपाच दिवसांत सगळं एकदमच अंगावर येतं. पाळी, बोटं, आणि नेमकी कुणाची तरी तीन मजली केकची ऑर्डर. सकाळी मूठ वळत नाही. काल चहाचा कप दोन्ही तळहातांत धरून प्यायले, अस्वलासारखी. बाबांनी पाहिलं आणि मान फिरवली.

तरी जयंतीची ऑर्डर घेतली आहे. जुन्या वस्तीतल्या मंडळाचा केक, निळा, पाच मजली. ज्या गल्लीत लहानपणी आपण रांगेत उभं राहून खीर घ्यायचो, तिथला केक माझ्या हातचा असणार. नाही कशी म्हणू?

गोळीचं तू विचारलं होतंस. ते सगळं ठीक आहे.

सरिताताई


हैदराबाद, १४ जानेवारी २०२५

ताई,

तुझं पत्र वाचता वाचता मी घसा खाकरत होते आणि "पाळी, बोटं" या दोन शब्दांवर थांबले. मग कॅलेंडर बघितलं, माझं स्वतःचं. एसीवरचे माझे तिन्ही अर्ज पाळीच्या आधीच्या आठवड्यातले निघाले, ताई. अर्ज वाचणाऱ्या प्रशासनाच्या माणसाला माझ्या आधी कळलं असावं.

नीट सांगते. ज्या पेशी आपलं जंतूंपासून रक्षण करतात, त्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही पाळीची हार्मोन्स ओळखता येतात. हे मी रोज वाचते, पण स्वतःच्या घशाशी जोडलं नव्हतं. महिन्याच्या मध्यावर बीज बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि या पेशी थोड्या सबुरीने वागतात. कारण गर्भ राहिला तर तो अर्धा परका असतो, त्याच्यावर हल्ला व्हायला नको. शरीर दर महिन्याला त्याची वाट बघतं म्हण. त्या दिवसांत काही जणींना सर्दी-खोकला लवकर धरतो. माझ्या घशाचं तेच असावं, खात्रीने सांगत नाही. गर्भ राहिला नाही की दोन्ही हार्मोन्स उतरतात, पाळी येते, आणि दाह वाढतो. तुझ्या आजारात त्याच पेशी आधीच सांध्यांवर चिडलेल्या आहेत. मग त्या दिवसांत बोटं आखडणार आणि नंतर पुन्हा सैल होणार. लसूण जुना असो की नवा.

सगळ्याच बायकांचं असं होतं असं नाही, आणि यावर अभ्यासही कमी झालाय. का कमी, तर माझ्यासारख्या विदुषी नर उंदीर मोजत बसतात म्हणून.

पण महिन्याचा चढउतार वेगळा आणि एकंदरीत बिघडत जाणं वेगळं. नोव्हेंबरात तू तीस गुलाब काढलेस, जानेवारीत कप धरवत नाही. गोळी चालू असती तर इतकं व्हायला नको. ताई, तू गोळी सोडलीस का? त्या गोळीचा असर सोडल्यावरही काही आठवडे राहतो. नोव्हेंबरातले गुलाब तेलाचे नसतील, गोळीचेच असतील.

खरं सांग.

प्रीती


नागपूर, २ फेब्रुवारी २०२५

प्रीती,

पत्र मिळालं. माहिती चांगली आहे. माझ्या शरीरानं दर महिन्याला कोणाची वाट बघावी आणि कोण आलं नाही म्हणून चिडावं, हे तू मला समजावून सांगायची गरज नव्हती.

केकची कामं आहेत.

सरिता


हैदराबाद, ९ मार्च २०२५

ताई,

महिना झाला. फोन केला तर बाबांनी उचलला आणि सांगितलं, सरिता झोपली आहे. दुपारी चार वाजता. तू दुपारी कधी झोपत नाहीस.

माझं कुठलं वाक्य लागलं ते शोधत मी ते पत्र चारदा वाचलं. मला वाटलं होतं हुशारीचं पत्र आहे. चौथ्यांदा वाचताना लिहिणारी बाई फार आवडली नाही. ताई, मी पेशींबद्दल लिहीत होते. तुझ्याबद्दल काय लिहून गेले ते मला कळलं नव्हतं. अजूनही पूर्ण कळलं नाही. सांगितलंस तर ऐकेन, काही शिकवणार नाही.

प्रीती


नागपूर, १६ एप्रिल २०२५

प्रिय प्रीती,

तुझ्या बहिणीचा निळा जय भीम. निळा का ते पुढे येईल.

आधी गोळीचं. सोडली होती, ऑक्टोबरमध्येच. डॉक्टर मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की या गोळीवर असताना मूल होऊ द्यायचं नाही, बंद करून काही महिने थांबावं लागतं, आणि तसं ठरवलं तर आधी मला येऊन सांगा. मी शेवटचा भाग सोडून बाकी सगळं लक्षात ठेवलं. छत्तीस पूर्ण झाली होती. कोणालाच सांगितलं नाही, प्रेमानंदलासुद्धा. काही महिने जातील, तोवर तेल सांभाळून घेईल, मग एक दिवस त्याला सांगेन, असा माझा बेत. हा बेत करताना मी स्वतःला फार धोरणी समजत होते.

झालं काय, की थांबायचे महिने संपले तोवर हात पार गेले. रात्री कूस बदलताना मनगट दुखायचं. मनात एकच यायचं, ज्या हातांनी कप उचलवत नाही, त्यांनी मूल कसं उचलणार? त्यात तुझं पत्र आलं, शरीर दर महिन्याला वाट बघतं म्हणून. तू पेशींबद्दलच लिहिलं होतंस. मी गाडीत बसून रडले आणि तुझ्यावर राग काढला. तू लांब होतीस म्हणून सोपं होतं.

आता जयंती. केकचे थर आदल्या दिवशी सकाळपर्यंत झाले. दुपारी क्रीमची पिशवी हातात घेतली आणि बोटं मिटलीच नाहीत. बघ, नेमके तेच दिवस. मी पिशवी कोपराने दाबून पाहिली, मग दोन्ही मनगटांत धरून पाहिली. ती मागून फुटली आणि सगळा निळा रंग माझ्या पोटावर. प्रेमानंद सुट्टी घेऊन घरी होता. काही न बोलता त्याने दुसरी पिशवी भरली आणि म्हणाला, सांग कसं करू. इलेक्ट्रिकलचा माणूस, त्याने क्रीमच्या रेघा वायरिंग केल्यासारख्या काटकोनात काढल्या. "जय भीम" लिहिताना वेलांटी खालच्या मजल्यावर गेली. मी सूचना देत होते, चिडत होते, आणि त्याने खाली मान घालूनच विचारलं, "गोळी घेऊन राहिली ना तू?"

मी नाही म्हटलं. का, तेही सांगितलं. डोळे पुसले, हाताला रंग होता हे विसरून.

त्याने पिशवी ओट्यावर ठेवली. मग म्हणाला, "मले वाटलं तुलेच नकोय. तू केकमध्ये खूश होती, म्हून मी कधी विषय काढला नाही. मी पण तेच मनात धरून होतो वं."

तीन वर्षं आम्ही एका घरात एकमेकांची इच्छा सांभाळत बसलो होतो, आणि दोघांनाही ती माहीत नव्हती. मी हसायला लागले. तो म्हणाला, आधी आरशात पाहा. माझं अर्धं तोंड निळं होतं.

केक वेळेवर गेला. वस्तीत लोकांना काटकोन आवडले, नवी डिझाइन आहे म्हणाले. मी नाही म्हटलं नाही.

डॉक्टरांकडे जायचं ठरलंय. मॅडम ओरडतील. बाबांना अजून काहीच सांगितलेलं नाही. तेलाचं कसं सांगू, आणि बाकीचं तर सासऱ्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

सरिताताई


हैदराबाद, २० एप्रिल २०२५

ताई,

बरं वाटलं आणि वाईट वाटलं, दोन्ही पूर्ण. शिकवणार नाही असं मी लिहिलं होतं, त्यामुळे एवढंच: मूल हवं असताना चालतील अशा संधिवाताच्या गोळ्या आहेत. मॅडमना सगळं सांग, पाळीच्या दिवसांचंही. लाजू नकोस. तिथे ते सांगितलं नाहीस तर त्या कुठल्या दिवशी तुला बघतात त्यावर तुझा आजार ठरेल. बऱ्या दिवसांत गेलीस तर त्यांना वाटेल, छान चाललंय.

माझी बातमी. परवा मीटिंगमध्ये मी गाइडना विचारलं की आपण मादी उंदीर का घेत नाही. ते म्हणाले, काम दुप्पट होईल. मी बाणेदारपणे म्हटलं, होऊ दे. ते म्हणाले, मग तूच कर. तर आता काम दुप्पट झालंय, आणि ते सगळं माझं आहे. घसा धरला की मी आता गरम पाणी पिते आणि एसीची मनात माफी मागते.

प्रीती


नागपूर, २८ मे २०२५

प्रिय प्रीती,

हे पत्र स्वयंपाकघरातून, दार उघडं ठेवून. गाडीत आता बसवत नाही, सीटवर पापड भाजून निघतील.

नव्या गोळ्या सुरू होऊन महिना झाला. पूर्ण असर दिसायला आणखी वेळ लागेल म्हणाल्या मॅडम, पण सकाळी कप एका हाताने उचलते आहे. या महिन्यातही ते दिवस आले तेव्हा बोटं आखडली, फक्त कमी. आता निदान लसणाला शिव्या देत नाही.

मॅडमच्या भेटीचं सांगायचं राहिलं. प्रेमानंदला ऐनवेळी शिफ्ट बदलून मिळाली नाही, तेव्हा बाबा म्हणाले मी येतो. रामदासपेठेत मॅडमच्या खोलीत ते माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसले, पांढरा शर्ट इस्त्री केलेला, आणि मांडीवर तेलाची बाटली. दाखवायला आणली होती.

मॅडमनी बोटं दाबून पाहिली, गोळी कधी सोडली विचारलं. मी सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या, ते जास्त लागलं. का सोडली, तेही सांगितलं, अगदी हळू आवाजात, भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत. मग त्यांनी विचारलं की पाळीच्या आसपास जास्त दुखतं का.

तुझं वाक्य न् वाक्य पाठ होतं. पार्किंगमध्ये फोनला सगळं सांगणारी मी, सासरे शेजारी आहेत म्हणून शाळेतल्या मुलीसारखी पदराचं टोक गुंडाळत बसले. पदरही नव्हता, ओढणी होती. मॅडम वाट बघत होत्या.

बाबा म्हणाले, "हो मॅडम. पाळी यायच्या आधी दोनतीन दिवस तिले वाटी धरता येत नाही. पाळी संपली का सुधारते. दिवाळीनंतरपासून असंच आहे."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते.

"रोज सकाळी तेल घेऊन मी दारात असतो," ते मॅडमना म्हणाले. "हात मलेच दिसतात ना."

मॅडमनी ते लिहून घेतलं. मग त्यांना समजावलं की तेलाने ऊब मिळते, लावायला हरकत नाही, पण हा आजार गोळीनेच दबेल. बाबांनी मान हलवली आणि बाटली पिशवीत ठेवली. मला वाटलं ते दुखावले. पुढे मॅडमनी सांगितलं की आधी काही महिने सांधे शांत राहू द्या, मग मुलाचं बघू, ही गोळी तेव्हाही चालते. मूल हा शब्द बाबांसमोर पहिल्यांदाच निघाला. ते छताकडे बघायला लागले.

बाहेर आलो तर ऊन नुसतं अंगावर येत होतं. मी त्यांना विचारलं की एवढं दिसत होतं तर बोलले का नाही, लसूण काहून बदलत बसले.

ते म्हणाले, "तू सांगून नाही राहिली, मंग मी कसा सांगू? सासरा आहो ना मी. हातात लसूण होता, तोच बदलला."

ऑटोची वाट बघत आम्ही एका दुकानाच्या सावलीत उभे राहिलो. दुकान कूलरचं होतं. बाबा आत गेले, एका कूलरची जाळी काढून मोटर पाहिली, पंखा हाताने फिरवून आवाज ऐकला आणि दुकानदाराला घरचा पत्ता सांगायला लागले.

मी घाईने म्हटलं, "बाबा, अजून कशात काही नाही. बाळाचं आत्तापासून काहून घेता?"

"बाळाचं कोण घेऊन राहिलं?" ते म्हणाले. "तुया खोलीत लावायचा आहे. रात्री झोप नाही तुले."

सरिताताई